कोशाच्या अंड्यांसाठी घेतलेल्या पेट्या

माझी मोटरसायकल इतकी उंच आहे की तिच्यावर बसलं की मूल गावच्या बाजारातून पार गोंडपिपरीतली म्हैस दिसते, आणि ती गाभण आहे की नाही तेही कळतं. कोणाला खोटं वाटत असेल तर त्याने बसून बघावं. पाय जमिनीला पुरत नाहीत म्हणून आजवर कोणी बसलेलं नाही, त्यामुळे माझं म्हणणं अजून कोणी खोडून काढू शकलेलं नाही.

डोंगर, दगड, नदी, वाळू, कशावरूनही जाते म्हणून ही गाडी विकतात. मी घेतल्यापासून ती घरून राइस मिलला आणि राइस मिलहून घरी जात होती. मिलमध्ये मशीन सांभाळणं हे माझं काम. मिलच्या फाटकात एक खड्डा होता, तेवढंच काय ते तिचं साहस. बायको म्हणायची, "वाघाले गोठ्यात बांधून ठेवलं तुमी." मी म्हणायचो, वेळ येईल.

वेळ आली ती बाईच्या फोनने. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं सासर आष्टीच्या पुलापलीकडे, मुलचेऱ्याच्या वाटेवरच्या जंगलातलं. तिच्या घरी उन्हाळ्यात नदीवर मासे धरतात आणि पावसाळ्यापासून ऐनाच्या झाडांवर कोसा पाळतात. कोसा म्हणजे रानातलं रेशीम. अंडी आणायची, झाडाला बांधायची, अळ्या निघाल्या की त्यांना झाडावर सोडायचं आणि त्या कोष विणेपर्यंत पाखरांपासून राखायचं. ऐनाचं जंगल गावच्या गटाचं, त्यातला एकेक तुकडा एकेका घराकडे. नियम साधा: ज्याच्या झाडांवर लागोपाठ दोन हंगाम किडे दिसले नाहीत, त्याचा तुकडा दुसऱ्या घराला जातो.

बाईचा एक हंगाम रिकामा गेला होता. तिची अंडी दुसऱ्या कोणाच्या जीपच्या डिकीतून आली, खताच्या पोत्याशेजारी, आणि एकातूनही अळी निघाली नाही. आता भाद्रपदातला दुसरा हंगाम तोंडावर होता. लग्न होऊन गेल्यापासून ती त्या झाडांच्या फांद्या छाटत आली आहे, कोणत्या झाडाला कोवळा पाला कधी फुटतो ते तिला पोटच्या पोरांपेक्षा जास्त ठाऊक. या खेपेला झाडं रिकामी दिसली तर ती दुसऱ्याची होणार होती.

"अंडी आपल्या बाजूच्या रेशमाच्या केंद्रातून घ्याची आहेत," ती म्हणाली. "कोण आणन?"

मी म्हणालो, "मी आणतो ना! माह्या गाडीवर अंडी अशी येतीन, अशी येतीन, की त्यायले वाटन आपण अजून आईच्या पोटातच आहो."

"गाडीवर कायच्यात ठेवशीन?"

या प्रश्नावर मी जरा थांबलो. गाडीला डबा नव्हता. पण थांबलो हे फोनवर कळू न देण्याइतपत मी हुशार आहे. "त्याच्यासाठी खास पेट्या असतात," मी म्हणालो. "विमानाच्या धातूच्या."

"विमानाच्या राहू दे. ज्याच्यात कदी मास-मच्छी गेली नाई असा डबा पाह्यजे. आणि अर्धी अंडी इकडे, अर्धी तिकडे. कावडीसारखी. सगळा जीव एका बाजूले नाई न्यायचा."

बाकी वर्षभर मासळीशिवाय ज्या घरात घास उतरत नाही, तिथे कोशाच्या दिवसांत मासळीचं नाव निघत नाही. पुरुष दाढी करत नाहीत, घरात तेलाची फोडणी जपून. किड्यांना वास सहन होत नाही असं म्हणतात. खरं किती, मला ठाऊक नाही. बाईला विचारायची माझी हिंमत नाही.

केंद्रातून सांगितलं, अंडी तयार आहेत, उद्या सकाळी घेऊन जा, दोन-तीन दिवसांत फुटतील. वाटेत फुटली तर अळ्यांना पाला नाही, म्हणजे मेल्याच. म्हणून त्याच दुपारी मी चंद्रपूर गाठलं. सोबत माझा मित्र. तो मूलमध्ये पत्र्याच्या कोठ्या, कूलर आणि नवरीच्या पेट्या बनवतो. बापापासूनचा धंदा. मूल तालुक्यात त्याच्या हातच्या पेटीशिवाय एकही मुलगी सासरी गेलेली नाही, असं तो म्हणतो. मी त्याला कधी अडवत नाही, कारण मग तो मलाही अडवेल.

दुकान नव्या वस्तीत होतं. दुकानदार पोरगेलासा, चेहऱ्यावर ऑफिसातली शिस्त. त्याने दोन जोड्या पुढे मांडल्या. एक काळ्या प्लास्टिकची, गोलसर, सूटकेससारखी बाजूने उघडणारी. दुसरी ॲल्युमिनियमची, चौकोनी, वरून झाकण, कडेला रबर, कोपऱ्यांना काळे टोप.

"सर, प्लास्टिक हलकं. गाडी पडली तर ते वाकत नाही, उसळतं. ॲल्युमिनियमला पोचा पडतो."

मित्राने बोटाचं पेर ॲल्युमिनियमवर वाजवलं आणि कान लावला. "पोचा पडला तं हातोडीनं काढता येते, भाऊ. प्लास्टिक फुटलं तं? फेविकॉल लावतं का?"

"काका, हे हाय-इम्पॅक्ट प्लास्टिक आहे. फुटत नाही."

"नाई फुटत?" मित्र पेटीवर चढायला लागला. त्याचं वजन मी सांगत नाही, एवढंच सांगतो की तो एस.टी.त चढला की मागचं चाक उचललं जातं. दुकानदाराने त्याला दंडाला धरून उतरवलं.

एवढ्यात बाईचा फोन. "घेतला का डबा?"

"घेऊन राह्यलो."

"वास पाह्यला?"

मी दोन्ही पेट्यांत तोंड घालून वास घेतला. ॲल्युमिनियमला धातूचा, थंडगार वास. प्लास्टिकला नव्या बाहुलीसारखा, नाकात चढणारा. आता माझ्या नाकाला चालतो तो वास कोशाच्या अंड्याला चालेल की नाही हे कसं कळणार? अंड्याला विचारता येत नाही. पण दुकानाच्या उंबऱ्यावर काळे मुंगळे फिरत होते.

मी एक मुंगळा पकडला, प्लास्टिकच्या पेटीत टाकला आणि झाकण दाबलं. दुसरा ॲल्युमिनियममध्ये.

"सर, हे काय करताय?"

"परीक्षा," मी म्हणालो. "तू चहा सांग."

चहा आला, तो प्यालो. मग मित्राने दोन्ही झाकणं उघडली. ॲल्युमिनियममधला मुंगळा बाहेर आला तो थेट माझ्या अंगठ्याला डसला. प्लास्टिकमधला उताणा पडला होता, पाय वर. त्याचं वय झालं असेल, किंवा चहा लांबला असेल, मी त्याच्या घरच्यांना विचारायला गेलो नाही. शिवाय बाजूने उघडणाऱ्या पेटीत एक धोका अजून होता: उघडली की आतलं सगळं पायावर. बाईच्या जमिनीवर अंडी सांडून उभं राहण्यापेक्षा मी वैनगंगेत उडी घेतली असती.

"ॲल्युमिनियम द्या," मी म्हणालो.

पेट्या गाडीला बसल्या तेव्हा मला जरा अभिमान वाटला. गाडी आता एवढी रुंद झाली होती की समोरून येणाऱ्या बसने बाजूला व्हावं. दुकानदार म्हणाला, "उजवी जरा लहान आहे, सर. सायलेन्सरमुळे. मध्ये चार बोटं जागा सोडलीय." मी चार बोटं घालून बघितली. बरोबर होती.

उरला प्रश्न हवेचा. कडेच्या रबरामुळे पेटी अशी बंद व्हायची की नदीत टाकली तर भोपळ्यासारखी तरंगली असती, पण आत श्वास घ्यायला जागा नाही. मित्राने तिथेच ड्रिल मागितलं. "जाळीच्या कपाटासारखे भोकं पाडू."

"नव्या पेटीले भोकं?"

"भाऊ, पेटी पाह्यजे का किडे पाह्यजेत?"

दोन्ही पाहिजे होते. मी झाकणाचं रबर उपसून काढलं. झाकण बसायचं, पण कडेने हवा खेळायची. दुकानदाराने डोळे मिटून घेतले. "सर, आता ही वॉटरप्रूफ नाही. गाडी पाण्यात पडली तर पेलाभर नाही, पेटीभर पाणी."

"मी काय पाण्यात पडाले जाऊन राह्यलो का?" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रातून अंडी घेतली. बारीक मलमलच्या पिशव्या, आत मोहरीपेक्षा थोडी मोठी, पिवळसर चपटी अंडी. एवढ्याशा त्या अंड्यांत बाईची झाडं होती. मी प्रत्येक पेटीत आडवी काडी बसवली, तिला पिशव्या टांगल्या, चारी बाजूंनी ओलं तरट लावलं. अर्ध्या डावीकडे, अर्ध्या उजवीकडे, कावडीसारख्या. केंद्रातल्या मॅडमनी सांगितलं, "ऊन लागू देऊ नका. कोमटसुद्धा नको."

निघालो तेव्हा हवा गार होती. मी गाडी अशी चालवत होतो की मागून सायकलवाले घंटी वाजवत पुढे जात होते. धानाच्या बांध्यांत पाणी उभं होतं, त्यावर बगळे. गोंडपिपरीत चहा घेतला नाही. आष्टीचा पूल ओलांडला तेव्हा वैनगंगा दुथडी आणि ऊन पाठीवर. भाद्रपदातलं ते ऊन, पाऊस थांबल्याचा सूड घेणारं. गाडीवर बसून मी शिजत होतो. पण तरट ओलं होतं, पेट्या चांदीसारख्या चमकत होत्या, आणि मला वाटलं, चमकतंय म्हणजे ऊन परत जातंय.

मुलचेऱ्याच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे साग, मग ऐन, मग नुसतं जंगल. बाईच्या गावाच्या अलीकडे एक नाला, त्यावर रपटा, म्हणजे पाण्याच्या पातळीलाच बांधलेला बुटका सिमेंटचा पूल. पाऊस वरच्या अंगाला झाला असावा. रपट्यावरून पाणी वाहत होतं, गढूळ, गुडघ्याच्या वर, मध्ये कुठे सिमेंट आणि कुठे कडा, काही दिसत नव्हतं.

एरवी मी घातली असती गाडी. गाडी त्यासाठीच केलेली. पण रबर काढून ठेवलं होतं. पाय घसरला, गाडी आडवी झाली, तर पेटीभर पाणी आणि बाईचा तुकडा नाल्याबरोबर वैनगंगेला.

मी थांबलो. गाडी सावलीत लावायची तर दोन्ही काठांवर रस्त्यासाठी झाडं तोडलेली. एका पळसाच्या काटकुळ्या सावलीत ती अर्धी मावली. इंजिन बंद केलं आणि सायलेन्सर टिकटिक करत निवायला लागला. ती टिकटिक ऐकून मी पेट्यांकडे वळलो.

डाव्या पेटीवर हात ठेवला. गरम, पण सोसवणारी. उजवीवर हात ठेवला आणि झटक्यात काढला. तवा. चार बोटं जागा होती, पण त्या चार बोटांतून सायलेन्सर इतका वेळ फुंकत आला होता, आणि ॲल्युमिनियमने ते सगळं प्रेमाने आत घेतलं होतं. झाकण उघडलं. तरट कोरडं, कडक, पापडासारखं. आतली हवा तोंडावर आली ती भाताच्या कुकरची शिटी उडाल्यासारखी.

कावड खांद्यावर असते. कावडीखाली सायलेन्सर नसतो. हे मला आधी सुचायला हवं होतं, बाईला नाही. तिने आयुष्यात सायलेन्सरला हात लावलेला नाही.

मी उजवीकडच्या सगळ्या पिशव्या काढून डावीत टांगल्या, त्या ओळखू याव्यात म्हणून त्यांच्या दोऱ्यांना गाठी मारल्या. नाल्यातून रुमाल भिजवून आणला, तरट भिजवलं. ते माझ्या डोळ्यांदेखत वाळत होतं. ऊन सरकलं, पळसाची सावली गाडीवरून निघून गेली. मी पेटीवर माझा शर्ट पसरून बनियनवर उभा राहिलो आणि नाल्यातलं पाणी उतरतंय का ते बघत राहिलो. पाणी उतरत होतं, पण सरकारी फाइलसारखं.

तेवढ्यात मागून मोपेड आली. मुलचेऱ्याकडच्या बंगाली वसाहतीतला मासेवाला, मागे थर्मोकोलचा मोठा खोका. त्याने मोपेड लावली, मला आपादमस्तक पाहिलं.

"दादा, एवढी मोठी गाडी आणि पाण्याला भ्यायला?"

"पाण्याले नाई भेत. आत अंडी आहेत."

"कोंबडीची?"

"कोशाची."

तो हसायचा थांबला. त्याने पेटीला हात लावला, माझ्याकडे पाहिलं. "हे तर तापलंय. मरतील ना!"

"माहीत आहे!" मी ओरडलो. त्याचा काही दोष नव्हता, पण कोणावर तरी ओरडायला हवं होतं.

त्याने खोक्याचं झाकण उघडलं. आत बर्फ, आणि बर्फात कतला आणि रोहू, डोळे वटारून. "बर्फ घ्या, दादा. टाका आत."

माझ्या आयुष्यात कोणी मला एवढी चांगली वस्तू इतक्या वाईट वेळी देऊ केलेली नाही. बर्फ होता. थंडगार, ढेकळंच्या ढेकळं. आणि प्रत्येक ढेकळाला मासळीचा वास. ज्यात कधी मासळी गेली नाही असा डबा, बाई म्हणाली होती. त्यासाठीच तर नवा डबा घेतला. आता त्याच डब्यात मासळीचा बर्फ घालायचा?

"आत नको," मी म्हणालो. "माही बहीण जीव घेईन."

"मग किडे मरतील."

"तेच तर!"

तो खांदे उडवून झाकण लावायला लागला आणि मी त्याचा हात धरला. आत नको म्हणाली होती बाई. बाहेरचं ती काही बोलली नव्हती. आणि ज्या पेटीने सायलेन्सरची धग भिंतीतून आत नेली होती, ती पेटी बर्फाचा गारवाही भिंतीतून आत नेणारच. पेटीला काय, तिला धग आणि गारवा दोन्ही सारखेच पाहुणे. प्लास्टिकने हे केलं नसतं.

झाकणावर बर्फ ठेवला असता तर वितळलेलं पाणी फटीतून आत गेलं असतं, तिथे रबर नव्हतं. म्हणून आम्ही उजव्या पेटीतल्या तरटाची पिशवी केली, तिच्यात बर्फ भरला आणि त्याच्या मोपेडवरच्या ट्यूबच्या पट्टीने डाव्या पेटीच्या बाहेरच्या भिंतीला, खालच्या अंगाला घट्ट आवळली. पाणी सरळ जमिनीवर टपकायला लागलं. मासेवाल्याने बोट लावून पाहिलं. मग मी झाकण एवढंसं उघडून आत हात घातला. गार नव्हतं, पण कोमटही राहिलं नव्हतं.

"पैसे?"

"अंडी फुटली तर या मासे खायला," तो म्हणाला, "आत्ता तर तुम्ही खात नाही."

पाणी घोट्यावर आलं तेव्हा तो काठी घेऊन पुढे झाला, रपट्याची कड चाचपत. मी मागून, पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय पुरत नसलेले हवेत. सिमेंटवर शेवाळ होतं. मध्यावर मागचं चाक डावीकडे सरकलं, डावीकडे, जिकडे सगळा जीव होता. बाई जे करू नको म्हणाली होती तेच मी केलेलं होतं, आणि गाडी ते जाणून असल्यासारखी तिकडेच झुकत होती. मासेवाला ओरडला, "ब्रेक नाही! ब्रेक नाही!" मी ब्रेक सोडला, दात आवळले, आणि गाडी स्वतःच्या मनाने सरळ झाली. माझं त्यात काही नाही. हे एकच वाक्य मी या गोष्टीत न फुगवता लिहितो आहे.

बाई ऐनाच्या झाडांखाली उभी होती. तिने गाडीकडे पाहिलं नाही, पेट्यांकडे पाहिलं नाही, माझ्या बनियनकडेही नाही. नाक वर केलं.

"मासळीचा वास काऊन येऊन राह्यला?"

मी सगळं सांगितलं. सायलेन्सर, गाठी मारलेल्या पिशव्या, बर्फ. "बाहेर, बाई. आत एक थेंब गेला नाई. तुही शपथ."

"माही नको घेऊ. आताच झाडं जाऊन राह्यले, मी तरी राहू दे."

तिने पिशव्या एकेक काढल्या, नाकाशी धरल्या. पहिली. दुसरी. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मग ती म्हणाली, "धातूचा वास येते," आणि पिशव्या ओच्यात घेतल्या. गाठीच्या पिशव्या तिने वेगळ्या ठेवल्या, त्यांचा वास घेतला नाही.

"बाई, ह्या..."

"उद्या समजन. सकाळी गटातला म्हातारा येते झाडं पाहाले."

पानांचे छोटे द्रोण करून तिने अंडी त्यात ठेवली आणि द्रोण फांद्यांना बांधले. गाठीवाल्या पिशव्यांचे द्रोण एकाच झाडावर, कडेच्या. गाडीवरून बर्फाचं पाणी अजून टपकत होतं. तिने मला ती गाडी रस्त्याच्या पार पलीकडे नेऊन लावायला सांगितली.

उजाडायच्या आत आम्ही झाडाखाली होतो. अळ्या पहाटेच निघतात. बाई एकेका द्रोणात डोकावत होती. मी तोंड उघडलं की ती हात वर करायची. मग एका द्रोणाच्या कडेला एक काळसर-तपकिरी दोरा हलला. दोरा नव्हे, अळी. तिच्यामागे दुसरी. मग द्रोणाच्या कडेवरून अशी रांग लागली की मी मोठ्याने काहीतरी ओरडलो आणि बाईने मला चापट मारली.

डावीकडची अंडी फुटली होती. कडेच्या झाडावरच्या द्रोणांत काही हललं नाही. ऊन वर आलं तरी हललं नाही.

म्हणजे अर्धे किडे, आणि झाडं पूर्ण. म्हाताऱ्याला एक जरी झाड रिकामं दिसलं तर तो त्यावर बोट ठेवणार. बाईने द्रोण सोडवले आणि कोवळ्या डहाळ्यांनी अळ्या उचलून झाडोझाड वाटायला सुरुवात केली. जिथे मूठभर द्यायच्या तिथे चिमूटभर. कडेच्या, मेलेल्या अंड्यांच्या झाडालाही थोड्या दिल्या. मी तिच्यामागे डहाळ्या धरून पळत होतो. घाम तिच्या हनुवटीवरून टपकत होता आणि तो अळ्यांवर पडू नये म्हणून ती मान वाकडी करून काम करत होती.

म्हातारा आला तेव्हा ती शेवटच्या झाडापासून नुकतीच मागे सरली होती. तो काठी टेकत एकेका झाडाखाली थांबला, वर पाहत. गोंडीत स्वतःशीच काही पुटपुटत होता.

"विरळ आहेत व बाई."

"जागा भेटली तं मोठे होतेत, बाबा."

"होतीन. पण पाखरानं दोन उचलले का झाड रिकामं. मी अजून एक खेप येईन. पाला खाऊन मोठे झाल्यावर."

तो गेला. बाई माझ्याकडे वळली. "मिलमध्ये सांग, येत नाई म्हण."

"किती दिवस?"

"झाडाले विचार."

मी फोन केला. मिलमालक म्हणाला, मशीन? मी म्हणालो, मशीनला पाखरं खात नाहीत. त्यानंतर मी त्या जंगलात उजेडापासून अंधारापर्यंत रिकामा डबा बडवत, हाऽऽय हाऽऽय ओरडत, झाडांखाली धावलो. कावळा, कोतवाल, आणि एक भारद्वाज, जो माझ्या मते माझ्यावर पाळतच ठेवून होता. माझा आवाज आलापल्लीपर्यंत जायचा आणि तिथून तक्रार यायची. बाई गुलेलीने नेम धरायची, आणि मधूनच कडेच्या झाडाखाली जाऊन वर पाहायची. तिथे सर्वांत कमी अळ्या होत्या. प्रत्येक वेळी परत येताना तिच्या चेहऱ्यावरून मी काही ओळखू शकलो नाही. एकदा ती फार वेळ तिथेच उभी राहिली. मी डबा बडवत राहिलो.

दाढी वाढली, अळ्या कात टाकत हिरव्यागार आणि बोटाएवढ्या जाड झाल्या, आणि म्हातारा पुन्हा आला.

या वेळी तो पुटपुटत नव्हता. पहिलं झाड, दुसरं झाड, सगळीकडे खाल्लेली पानं, फांद्यांना लोंबणाऱ्या अळ्या. तो पुढे, बाई मागे, तिच्यामागे मी, आयुष्यात पहिल्यांदाच गप्प. कडेच्या झाडाखाली तो थांबला. वर पाहिलं. फेरी मारली. पुन्हा वर पाहिलं. मीही पाहिलं. पानं होती, फांद्या होत्या, आणि काही नव्हतं. बाईने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. तिने मला खुणावलंही नाही.

म्हातारा वाकला. जमिनीवरचा पाचोळा काठीने सारला. काळ्या मिऱ्यांसारख्या लेंड्या पडल्या होत्या, ताज्या. त्याने एक बोटांत चुरडून पाहिली, मग तिच्या बरोब्बर वर नजर नेली आणि काठीने एक फांदी अलगद वाकवली. पानाच्या खालच्या बाजूला, पानाच्याच रंगाची, गुबगुबीत अळी लटकली होती. तिच्या पलीकडे अजून एक.

"आहेत," तो म्हणाला. फांदी हळूच सोडली आणि शेजारच्या तुकड्याकडे चालू लागला.

बाईने पदर सोडला. मी काहीतरी बोलणार, बहुतेक स्वतःबद्दलच, तेवढ्यात तिचं लक्ष माझ्या डोक्यावरून मागे गेलं.

"कोतवाल बसला तिथी! वरड ना बे, पाहून काय राह्यला!"

मी ओरडत धावलो.